आल्झायमर रोग

उतारवयात मेंदूतील तंत्रिका कोशिकांचा हळूहळू नाश होऊन स्मृती, भाषा, विवेक व दिशांचे भान लोप पावत जाणारा विकार. स्मृतिभ्रंशाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हा रोग आढळतो. जर्मन मनोविकारतज्ञ आलोइस आल्झायमर (१८६४–१९१५) यांनी फ्रँकफुर्ट येथे १९०१ मध्ये दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीची लक्षणे नोंदविली. १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या लवणांनी रंगवून तपासले, तेव्हा कोशिकांबाहेर साचलेले पुंज व कोशिकांच्या आत तंतूंची गुंतवळ दिसून आली. एमील क्रेपेलीन यांनी १९१० मध्ये या रोगास आल्झायमर यांचे नाव दिले. त्यानंतर सु. पन्नास वर्षे तो मध्यमवयीनांचा एक दुर्मिळ रोग समजला जाई आणि वृद्धांचा बुद्धिभ्रंश वयावर किंवा रोहिण्यांच्या काठिण्यावर ढकलला जाई. १९६० नंतरच्या शवविच्छेदनांवरून वृद्धांच्या मेंदूतही तेच बदल असतात, हे स्पष्ट झाले. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मात्र आपल्याकडे अद्याप निदानाच्या आड येते.

मुंबईतील एका पाहणीत (२००१ मध्ये प्रसिद्ध) पासष्टीपुढील २·४४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार साठीपुढील ७·४ टक्के, म्हणजे सु. ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. दोन्ही पाहण्यांतील वयोगट व पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांवरून रोग तिपटीने वाढला, असे म्हणता येत नाही.

लक्षणे : जुन्या आठवणी शाबूत राहतात, पण सकाळी घडलेले संध्याकाळी आठवत नाही. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, पैशांचा व्यवहार चुकतो आणि ओळखीची वाटही परकी होते. हे शेवटचे लक्षण नवी मुंबईसारख्या आखीव नगरात विशेष जाचक ठरते. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली व ठाणे खाडीवरील पूल १९७३ मध्ये खुला झाला. त्यानंतरच्या दशकात तिशी-पस्तिशीत वाशीस राहावयास आलेली पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे. तेथे घराचा पत्ता सेक्टर व भूखंड यांच्या क्रमांकांनी सांगावयाचा असतो आणि सिडकोच्या इमारतींच्या ओळी एकमेकींसारख्या दिसतात. क्रमांक विसरलेल्या माणसास घर शोधणे कठीण जाते. याउलट दिवाळे किंवा सारसोळे यांसारख्या जुन्या गावठाणात वाट चुकलेल्या वृद्धास कोणीतरी ओळखीचे घरी आणून सोडते. त्यामुळे तेथे रोग ध्यानात येण्यासच उशीर होण्याचा संभव असतो.

कारणे : वाढते वय हे सर्वांत प्रबळ कारण होय, तथापि वार्धक्य म्हणजे रोग नव्हे. कोशिकांबाहेरील पुंज बीटा-ॲमिलॉइड या प्रथिनखंडाचे असतात (१९८४ मध्ये ग्लेनर व वाँग यांनी तो वेगळा केला), तर आतील गुंतवळ टाउ या प्रथिनाची असते. हे साठे लक्षणांपूर्वी दहा-वीस वर्षे जमू लागतात. १, १४ व २१ या गुणसूत्रांवरील जनुकांतील दोषांमुळे रोग लहान वयात व घराण्यात चालत येतो. परंतु अशी घराणी विरळ. १९ व्या गुणसूत्रावरील ॲपोलिपोप्रथिन-ई जनुकाच्या ‘ई-४’ या प्रकाराने धोका वाढतो, रोग होतोच असे नाही. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, अल्प शिक्षण व एकाकीपणा यांचाही हातभार लागतो.

निदान : पहिले काम हा रोग ओळखण्याचे नसून त्याच्यासारखे दिसणारे व बरे होऊ शकणारे विकार वगळण्याचे असते. अवटू ग्रंथीची मंदता, ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता (शाकाहारी वृद्धांत ती बरीच आढळते), खिन्नता, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, पडल्यानंतर कवटीत सावकाश साचणारे रक्त या सर्वांनी मनुष्य विसराळू होतो. ‘म्हातारपण आहे’ म्हणून त्यास घरी बसविले, तर साध्या उपचाराने सुधारणारा रुग्ण कायमचा गमावला जातो. म्हणून रक्ततपासणी व मेंदूचे क्ष-किरण वा चुंबकीय प्रतिमादर्शन आवश्यक असते. त्यात हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग आक्रसलेला दिसू शकतो.

रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा त्याच्या निकटच्या व्यक्तीचा वृत्तांत अधिक मोलाचा असतो. १९७५ पासून वापरात असलेल्या तीस गुणांच्या चाचणीत तारीख, शब्दांचे स्मरण, वजाबाकी व आकृती काढणे असे प्रश्न असतात. निवृत्त कारकुनास ते सोपे जातात. शाळेचे तोंड न पाहिलेली कोळीण बुद्धी तल्लख असूनही त्यांत अडते. याच अडचणीमुळे हरियाणातील बल्लभगढ येथील निरक्षर ग्रामस्थांसाठी या चाचणीचे हिंदी रूपांतर करण्यात आले (१९९५). अशा स्त्रीस मासळीचा हिशेब, सणांचा क्रम व नातवंडांची नावे विचारणेच योग्य. मस्तिष्क-मेरुद्रवाची व विशेष प्रतिमादर्शनाची तपासणी अधिक निश्चित, पण खर्चिक असते; अमेरिकेत २०२५ मध्ये रक्ततपासणीसही मान्यता मिळाली.

डोनेपेझिलसारखी औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात. ॲमिलॉइड काढून टाकणारी नवी प्रतिपिंडे प्रारंभीच्या अवस्थेतच उपयोगी पडतात व त्यांनीही ऱ्हास थांबत नाही, फक्त मंदावतो. मेंदूत सूज येणे व रक्तस्राव होणे हे त्यांचे धोके आहेत.