फुल बॉडी चेकअप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘ऐंशी चाचण्या, निम्म्या किमतीत, रक्त घरी येऊन नेऊ!’ अशा जाहिराती आता सोसायटीच्या नोटीस बोर्डापर्यंत पोहोचल्या आहेत. काहीही त्रास नसलेल्या माणसाने सरसकट सगळं तपासून घ्यावं का, हा प्रश्न मात्र वैद्यकशास्त्राने गेली पन्नासहून अधिक वर्षं तपासला आहे.

गैरसमज: नियमित चेकअपने आयुष्य वाढतं.
वस्तुस्थिती: १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे सात हजार लोकांचे दोन गट केले गेले. एकाला सर्वांगीण तपासणीसाठी बोलावलं, दुसऱ्याला नाही. नऊ वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अशा १७ अभ्यासांचा, सुमारे अडीच लाख लोकांचा आढावा घेतला. एकूण मृत्यू, कर्करोगाचे मृत्यू, हृदयविकाराचे मृत्यू यांवर परिणाम नगण्यच निघाला. ज्यांना धोका जास्त, ते बहुधा तपासणीला येतच नाहीत. आणि येणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं त्यांच्या डॉक्टरांना आधीच ठाऊक असतं.

गैरसमज: रिपोर्ट पाहून तरी माणूस सुधारतो.
वस्तुस्थिती: डेन्मार्कमधल्या ‘इंटर ९९’ अभ्यासात केवळ रिपोर्ट हातात दिला नाही, आहार, व्यायाम, धूम्रपान यांबाबत पाच वर्षं समुपदेशनही केलं. तरी दहा वर्षांनंतर हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांचं प्रमाण कमी झालं नव्हतं.

गैरसमज: जितक्या चाचण्या, तितकी खात्री.
वस्तुस्थिती: बहुतेक रक्तचाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा लाल अक्षरांत येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. मग पुन्हा चाचणी, सोनोग्राफी, तज्ज्ञांची फी आणि घरभर काळजी.

गैरसमज: कोणताही कर्करोग लवकर सापडला की जीव वाचतो.
वस्तुस्थिती: दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीच्या जोडीला अनेक जण थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. कधीच त्रास न देणाऱ्या गाठींसाठी हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या.

गैरसमज: म्हणजे तपासण्या सगळ्या थोतांडच!
वस्तुस्थिती: तेही खरं नाही. नेमका आजार, नेमकं वय आणि पुढच्या उपचारांची सोय असेल, तर तपासणी जीव वाचवते. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३० हजार स्त्रियांच्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साध्या अ‍ॅसिटिक आम्लाने केलेल्या तपासणीने हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

रक्तदाबाचंही तसंच. तो वाढला तरी सहसा जाणवत नाही. मोजणं स्वस्त आहे आणि गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो. वरचे परदेशी अभ्यास फॅमिली डॉक्टर एरवीही बीपी पाहतात अशा ठिकाणचे आहेत. आपल्याकडे अनेकांच्या दंडाला तो पट्टा कधी लागलेलाच नसतो.

तेव्हा तिशीनंतर बीपी आणि साखर, स्त्रियांनी गर्भाशयमुख आणि स्तनांची तपासणी, तंबाखू खाणाऱ्यांनी तोंडाची तपासणी जरूर करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांतही याची सोय आहे. काही त्रास होत असेल तर पॅकेजच्या वाटेला न जाता थेट डॉक्टर गाठा. बाकी कोणत्याही चाचणीआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘रिपोर्ट वाईट आला तर पुढे काय करणार?’ याचं स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर ते पैसे वाचवा.