नाळेतील रक्त: रबाळे, खारघर आणि सीवूड्स

मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होतात अशा स्टेम सेल, हा शब्द नवी मुंबईत तीन ठिकाणी तीन निराळ्या अर्थांनी रुळला आहे. रबाळे येथे रिलायन्स लाइफ सायन्सेसने नवजात बालकाच्या नाळेतील रक्त साठवण्याची पेढी उभारली. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या संस्थेत रक्ताच्या कर्करोगासाठी मूळपेशींचे रोपण केले जाते. आणि खारघरच्या दोन स्थानके अलीकडे, सीवूड्समधील न्यूरोजेन ही संस्था स्वमग्नता व सेरेब्रल पाल्सी अशा मज्जासंस्थेच्या विकारांवर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गरातील, पेशी वापरण्यासाठी ओळखली गेली. शब्द एक असला तरी या तिन्हींमागील पुराव्याचे वजन सारखे नाही, आणि पालकांची फसगत नेमकी तेथेच होते.

बाळंतपणानंतर एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या, किंवा जुन्या रीतीने पुरल्या जाणाऱ्या, नाळ-वारेत साधारण 80 ते 100 मिलिलिटर रक्त उरते आणि त्यात रक्त घडवणाऱ्या मूळपेशी असतात. 1988 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी ॲनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराने आजारी असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन पहिले यशस्वी रोपण केले. या रक्ताचा रुग्णाशी जुळणीचा निकष अस्थिमज्जेपेक्षा सैल असतो, हा त्याचा मोठा गुण. पेशींची संख्या कमी असल्याने प्रौढाला ते अपुरे पडते आणि नवे रक्त तयार होण्यास अधिक दिवस लागतात, ही मर्यादा.

त्या मुलाला वाचवणारे रक्त बहिणीचे होते, ही बाब खासगी पेढ्यांच्या जाहिरातींत सहसा ठळकपणे सांगितली जात नाही. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष बाळाच्या स्वतःच्या नाळेतील पेशींतही असतोच, त्यामुळे उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ते रक्त कितीही वर्षे जपले तरी त्याच बाळाच्या थॅलेसेमियावर त्याचा उपयोग नाही. स्वतःच्या भावी वापरासाठी नाळेतील रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्पष्ट केले आहे. घरात आधीच असा रुग्ण असून धाकट्या भावंडाचे रक्त त्याच्या कामी येऊ शकत असेल, तर मात्र ते जपण्याला अर्थ आहे.

मेंदूच्या विकारांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण रक्ताच्या मूळपेशी रक्त घडवतात, त्या मेंदूत जाऊन चेतापेशी बनत नाहीत. त्या काही रासायनिक संदेश सोडून दाह शमवत असाव्यात, एवढीच कल्पना या प्रयोगांमागे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने ती कसोशीने तपासली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 180 स्वमग्न मुलांपैकी काहींना नाळेतील रक्त व काहींना केवळ दिखाऊ द्रव देण्यात आला, आणि सामाजिक वर्तनाच्या मुख्य निकषावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सेरेब्रल पाल्सीत 2017 सालच्या 63 मुलांच्या चाचणीचा मुख्य निकष साधला गेला नाही, तरी अधिक पेशी मिळालेल्या मुलांच्या हालचालींत काही सुधारणा दिसली, म्हणून त्या दिशेचे संशोधन अद्याप जिवंत आहे.

सीवूड्समधील संस्थेचा 2013 सालचा स्वमग्नतेवरील अभ्यास 32 रुग्णांचा होता व त्यात सुधारणा नोंदवली गेली. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. वाढते वय, वाचा-उपचार आणि पालकांची आशा यांनीही मूल बदलते, तेव्हा तुलनागटाविना श्रेय पेशींना देता येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने स्वमग्नतेवर मूळपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही आणि तसे करणे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे जाहीर केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त रोपण वगळता मूळपेशींचा वापर मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि संशोधनाच्या नीतिनियमांनुसार चाचणीचा खर्च सहभागी रुग्णावर टाकता येत नाही. त्यामुळे ‘प्रायोगिक’ म्हणून सांगितलेल्या उपचाराचे लाखो रुपयांचे अंदाजपत्रक हाती पडल्यास, तो उपचार कोणत्या मंजूर चाचणीचा भाग आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, हे पालकांनी आधी लेखी मागावे.