टिकेल ते आधी

गोव्यात करंज्यांचे दोन हंगाम असतात. चतुर्थीला त्या हिंदूंच्या घरी तळल्या जातात, नाताळला ख्रिश्चनांच्या. दोन्हीकडे नाव एकच, नेवरी. सारणात ओलं खोबरं की सुकं, तीळ घालायचे की खसखस, कडेला मुरड घालायची की कातणं फिरवायचं, यावरून घराघरांत मतभेद आहेत; पण त्या मतभेदांचा धर्माशी काही संबंध नाही, सासूशी आहे.

मुंबई-पुण्यात नाताळ म्हटलं की आधी प्लमकेक आठवतो, कारण बेकऱ्यांच्या काचेत तोच मांडलेला असतो. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र ज्यांच्याकडे पोर्तुगीज काळापासून नाताळ साजरा होतो, त्यांच्या घरी केक हा उशिरा आलेला पाहुणा आहे. तिथलं ताट भरतं तांदूळ, नारळ, माडाचा गूळ, रवा, हरभऱ्याची डाळ आणि अंड्यांचे बलक यांनी. घरात ओव्हन नसला तरी या ताटाचं फारसं अडत नाही. गोव्यात या सगळ्या गोडाधोडाला मिळून कुस्वार म्हणतात. दहा-बारा पदार्थांचं हे ताट एका दिवसात होत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून ते हळूहळू जमत जातं आणि कोणता पदार्थ कधी करायचा हे चवीवर ठरत नाही. जो जास्त टिकतो तो आधी. हा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही, पण अन्न टिकवण्याच्या बहुतेक सगळ्या युक्त्या त्यात येऊन जातात.

चर्चच्या पंचांगात नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी, प्रार्थनांचा सूर संयमाचा. पूर्वी या दिवसांत उपासही असत. स्वयंपाकघरात त्याच वेळी पाक उकळत असतो, पण केलेलं लगेच खायचं नसतं. ते डब्यात जातं आणि डबे कपाटावर. नाताळच्या आदल्या मध्यरात्रीची मिस्सा झाली की मगच ते उघडायचे. (मुलं आधी उघडतात, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं.) शिवाय सण २५ तारखेला संपत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त येतं, तोवर पाहुण्यांची ये-जा चालू. मुंबईच्या, आखातातल्या नातेवाइकांना डबे जायचे असतात ते वेगळेच. तेव्हा पदार्थ टिकणं ही हौस नव्हे, पहिली अट.

सर्वांत आधी येते पेराद, म्हणजे पेरूची वडी. पोर्तुगालमध्ये क्विन्स नावाच्या आंबट-तुरट फळाचा असा घट्ट मुरंबा करतात. ते फळ गोव्यात नाही, पण अमेरिका खंडातून आलेला पेरू इथे चांगला रुजला आणि त्या मुरंब्याच्या जागी बसला. पेरू शिजवायचे, चाळणीतून गाळून बिया काढायच्या, साखर आणि लिंबाचा रस घालून गोळा कढईच्या कडा सोडेपर्यंत घोटायचा आणि तूप लावलेल्या ताटात थापायचा. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, त्याला लिंबाचं आम्ल आणि साखर मिळाली की वडी जिलेटिनशिवाय धरते. साखर फळातलं पाणी स्वतःकडे बांधून ठेवते, त्यामुळे बुरशीला आणि जिवाणूंना जगायला पाणी उरत नाही. नीट घोटलेली पेराद महिनोन्महिने राहते. कंटाळून लवकर उतरवली, तर नाताळाआधीच तिला पाणी सुटतं.

मग दोदोल. कुस्वारातला सगळ्यात कष्टाचा पदार्थ हाच आणि माझ्या मते सगळ्यात मानाचाही. साहित्य तीनच गोष्टींचं: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. हा गूळ सुरीपासून, म्हणजे माडाच्या रसापासून करतात. रंग जवळजवळ काळा, चवीला किंचित धुरकट आणि खारट झाक. दोदोलसाठी तांब्याचं जाड बुडाचं मोठं भांडं लागतं, लाकडी दांड्याचं उलथणं लागतं आणि चार-पाच तास हलणारे हात लागतात. आधी मिश्रण पातळ असतं, तेव्हा कुणीही हौसेने ढवळतं. पीठ शिजून फुगलं की ते जड होतं, उलथण्याला ओढ बसते, गरम शिंतोडे मनगटावर उडतात. इथे बायका बाजूला होतात आणि पुरुषांना हाक जाते. पुरुष दमले की शेजारी येतात. हात थांबला की तळाला लागतं, आणि एकदा लागलेल्या दोदोलचा वास काही केल्या लपत नाही. झालं हे ओळखायचं तेलावरून: नारळाच्या दुधातलं तेल सुटून कडेने तरंगू लागलं की भांडं उतरवायचं. एवढ्या आटवण्यानंतर पाणी फारसं उरत नाही, वर गुळाचा मारा, म्हणून दोदोल पंधरा-वीस दिवस सहज राहतो. एकट्यादुकट्याने करण्याचा हा पदार्थच नव्हे. आता घरं लहान झाली, शेजारी नोकरीला गेले, माडावर चढणारे रेंदेर कमी झाले. दोदोल विकत आणणाऱ्यांना आळशी म्हणणं सोपं आहे, पण ज्याने तो एकदा ढवळलाय तो असं म्हणणार नाही.

दोदोलनंतर दोस, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या आणि नारळाच्या वड्या. हे काम त्यामानाने हलकं; आपल्याकडच्या पुरणाच्या हाताला ते अवघड जाऊ नये.

डिसेंबरच्या मध्याला तळण निघतं. कुलकुलं करायचा दिवस हा खरं तर मुलांचा दिवस. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध आणि तुपाचं मोहन घालून घट्ट पीठ मळायचं, बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्याकोऱ्या कंगव्यावर दाबून पसरायची आणि सरकवत गुंडाळायची. शिंपल्यासारखं वेटोळं तयार होतं, त्यावर रेघा उमटतात. रेघांमुळे ते दिसायला छान होतंच, शिवाय पातळ पीठ आतपर्यंत कुरकुरीत तळलं जातं आणि नंतर घोळलेला पाक त्या खाचांत धरून राहतो. नेवऱ्याही याच आठवड्यातल्या. तिथे धोका ओल्या नारळाचा. कच्चा चव तीन दिवसांत वास मारतो, म्हणून नाताळच्या नेवरीचा चव साखरेबरोबर खमंग कोरडा होईपर्यंत परततात, नाहीतर सरळ सुकं खोबरं घेतात.

या नेवरीच्या टिकून राहण्यात इतिहासही आहे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० साली सुरू झालं आणि १८१२ साली कायमचं बंद झालं. नव्याने ख्रिश्चन झालेल्यांनी जुन्या चालीरीती सोडाव्यात, यासाठी या न्यायालयाने १७३६ साली एक लांबलचक हुकूम काढला. अनंत काकबा प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात तो वाचायला मिळतो. तुळस लावायची नाही, इतकंच नव्हे तर हिंदूंप्रमाणे भात मिठाशिवाय शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही, इथवर त्याची नजर पोचली होती. भातातल्या मिठापर्यंत आलेली ही सत्ता तळणीच्या कढईपुढे मात्र हरली. नेवरी येशूच्या जन्माच्या ताटात जाऊन बसली आणि तिथून तिला कुणी उठवलं नाही.

नाताळ आठवड्यावर आला की बेबिंक. घरगुती मापात दहा-बारा अंड्यांचे बलक, अर्धा किलो साखर, दोन नारळांचं घट्ट दूध, मैदा, जायफळ आणि सढळ हाताने तूप. बलकांमुळे हा पदार्थ दोदोलइतका दिवस काढत नाही, म्हणून त्याचा नंबर उशिरा. खरी गंमत भाजण्यात आहे. पहिला थर खालच्या आचेवर होतो, पण दुसऱ्यापासून आच वरून द्यावी लागते, नाहीतर खालचे थर करपतील. जुन्या पद्धतीत मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे पसरतात. थर तांबूस झाला की निखारे बाजूला, वर चमचाभर तूप, त्यावर पुढचं पीठ, पुन्हा निखारे. एकेका थराला पंधरा-वीस मिनिटं. परंपरा सोळा थरांची सांगतात, बाजारात सात थरांवर भागवतात. आता आहे ओव्हनचं वरचं ग्रिल, पण त्यातही माणूस समोरून हलू शकत नाही.

जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने उरलेल्या बलकांचं काय करावं म्हणून हा पदार्थ शोधला, अशी दंतकथा आहे. तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे: पोर्तुगालच्या मठांत अंड्याचा पांढरा भाग वस्त्रांना खळ करण्यासाठी वापरत, आणि उरलेल्या बलकांतून तिथे गोड पदार्थांची मोठी परंपरा तयार झाली. गोव्यात त्या परंपरेला नारळाचं दूध मिळालं. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

वर वसईत चित्र थोडं वेगळं. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं, पण ख्रिस्ती गावं तिथेच राहिली; त्यांची बोली आणि स्वयंपाक मराठीच होता आणि आहे. मुंबई-साष्टीतल्या अशा मूळ रहिवाशांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, नोकरीसाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळूरकरांपासून आपण वेगळे हे दाखवायला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. यांच्या नाताळची तयारी एका अर्थाने मे महिन्यात सुरू होते. कडक उन्हात वाळवून, भाजून, कुटून केलेला मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. म्हणून तो बाटली मसाला. गडद काचेतून उजेड आत जात नाही, त्यामुळे रंग आणि वास वर्षभर राहतात. नाताळच्या जेवणात यांचा खास पदार्थ म्हणजे फुगे: मैदा, अंडी, नारळाचं दूध यांचं आंबवलेलं सैल पीठ मुठीतून अंगठ्याजवळून पिळून गरम तेलात सोडायचं. टम्म फुगलेले हे गोळे डुकराच्या मटणाच्या रश्शाबरोबर खातात.

गोव्यात त्या जागी सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचा आंबट रस्सा, आणि सान्नां, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या. सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करतात, व्हिनेगरच्या आंबटपणामुळे ते टिकतं आणि रोज गरम करत गेलं की मसाला मुरून जास्त चांगलं लागतं. सान्नां मात्र थांबत नाहीत. त्यांचं पीठ फुगतं सुरीतल्या यीस्टवर आणि सूर ताजीच हवी. टिकण्याच्या हिशेबात सगळ्यात शेवटी येणारा पदार्थ हा.

राहिला केक. इंग्लंडमध्येही तो पूर्वी नाताळच्या दिवशी नसे. ६ जानेवारीच्या सुमाराला खायचा सुकामेव्याचा केक व्हिक्टोरियन काळात नाताळकडे सरकला. भारतात पहिला नाताळचा केक केरळातल्या तलशेरीत मंबळ्ळी बापू या बेकरीवाल्याने १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याने आणून दिलेला नमुना चाखून केला, असं सांगतात. आज मुंबईच्या ख्रिश्चन घरांतही ऑक्टोबरपासून बेदाणे, टुटीफ्रुटी, संत्र्याची साल रममध्ये भिजत पडते. हाही टिकवण्याचाच प्रकार, फक्त साखरेच्या जोडीला दारू.

याच दिवसांत एक पेरणीही होते. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा हिरवा दिसावा म्हणून दहा-पंधरा दिवस आधी नाचणी किंवा गहू मातीत रुजत घालतात. घटस्थापनेचं धान्य ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

ताट भरलं की ते घराबाहेर जातं. चतुर्थीला ज्यांच्याकडून नेवऱ्या आल्या, त्यांच्याकडे आता कुस्वार पोचतो. वर्षभरात ज्यांच्याकडे कुणी गेलं असेल, त्या घरी गोड करत नाहीत. तिथे शेजाऱ्यांची ताटं आधी जातात. दिवाळीत हे आपल्याकडेही असंच चालतं.

डिसेंबरात गोव्याला जाणार असाल, तर विमानतळावरचा बेबिंकाचा चकचकीत खोका घेण्याआधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारा. दोदोल काळा हवा आणि कागदावर त्याचं खोबरेल उतरायला हवं. फिकट तपकिरी असेल तर माडाचा गूळ नाही असं समजा. बेबिंकाच्या वेष्टनावर तुपाऐवजी वनस्पती तेल लिहिलं असेल, तर तो परत ठेवा. वसई, वांद्रे, गोराई, पणजी, मडगाव, सगळीकडे घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायका आहेत. त्यांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन करा. वीस तारखेनंतर त्या फोन उचलत नाहीत, हात पिठात असतात.