दमसास आधी, नडगी मागून

पावसाळा ओसरला की मुंबईच्या शिवाजी पार्कपासून पुण्याच्या तळजाईपर्यंत सगळीकडे पळणाऱ्यांत नवे चेहरे दिसू लागतात. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन अनेकांच्या डोळ्यांपुढे असते. पहिले काही दिवस नुसत्या धापा. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम लागणं कमी होतं, हुरूप येतो, दोन किलोमीटरचे चार होतात आणि नेमकी तेव्हाच नडगी ठणकायला लागते, नाहीतर सकाळी टाच जमिनीला टेकवत नाही. ‘आपला पिंडच पळण्याचा नाही’ असं ठरवून बूट माळ्यावर टाकले जातात.

पिंडाचा काही दोष नसतो. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सरावतं. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं मात्र तयार व्हायला महिने घेतात. पळताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. मिनिटाला १६० पावलं धरली आणि किलोमीटरला आठ मिनिटं लागली, तर चार किलोमीटरमध्ये पाच हजारांवर पावलं होतात. छाती ‘अजून चल’ म्हणते तेव्हा नडगी अजून पहिल्याच आठवड्यात असते. नवख्यांची बहुतेक दुखणी या तफावतीतून येतात.

त्यातलं एक दुखणं मात्र निरुपद्रवी. पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. याचं खापर अजूनही लॅक्टिक अ‍ॅसिडवर फोडलं जातं, पण ते पळणं थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. खरं कारण असं की ताणला जात असतानाच जोर लावावा लागला की स्नायूच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते. उतारावर पळाल्यावर म्हणूनच पाय जास्त धरतात. हे दुखणं दोन्ही पायांत साधारण सारखं असतं, एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं आणि ओसरतं. रोजचं चालणं चालू ठेवावं, बाकी काही करायला नको.

नडगीचं तसं नाही. खुर्चीवर बसा, पाय गुडघ्यावर आडवा घ्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूपासून हाडाच्या कडेकडेने अंगठा दाबत वर न्या. चार-पाच बोटं रुंदीच्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल, तर तो बहुधा ‘शिन स्प्लिंट’. त्याची चाल ओळखता येते: सुरुवातीला पळू लागलं की दुखतं, अंग तापलं की कमी होतं, घरी आल्यावर पुन्हा ठणकतं. भार वाढला की हाड स्वतःला नव्याने बांधायला घेतं. पण त्यात आधी जुना भाग कोरून काढला जातो, जी पोकळी होते ती भरायला पुढे दोन-तीन महिने जातात. म्हणजे मधल्या काळात हाड आधीपेक्षा किंचित कच्चं असतं. त्याच काळात अंतर वाढवत नेलं की दुखणं पुढची पायरी गाठतं.

ती पायरी म्हणजे हाडाला गेलेला बारीक तडा, ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’. इथे पट्टा दुखत नाही, एका बोटाने दाखवता येईल असा ठिपका दुखतो. अंग तापल्यावर कळ कमी होण्याऐवजी वाढते, पुढे चालतानाही जाणवते, रात्री अंथरुणातही. एका पायावर उडी मारवत नाही. अशा वेळी पळणं त्याच दिवशी बंद करून अस्थितज्ज्ञांकडे जायचं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये हा तडा बहुतेकदा दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. एमआरआयमध्ये तो लवकर कळतो.

टाचेचं दुखणं सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला भेटतं. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, खिळा रुतल्यासारखी कळ येते आणि दहा-वीस पावलांनंतर जरा हलकं वाटतं. टाचेपासून चवड्यापर्यंत गेलेला जाड पडदा, प्लांटर फॅशिया, तिथे कुरकुरत असतो. यावर नुसती विश्रांती पुरत नाही, हळूहळू वाढवलेला जोर लागतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तपासलेला व्यायाम आपल्या जिन्यावरही होतो. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, पंच्याची गुंडाळी बोटांखाली सरकवायची म्हणजे बोटं वर उचललेली राहतात. मग एका पायावर तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली न्यायची. दिवसाआड. फरक कळायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

टाचेमागच्या जाड शिरेची, अकिलीस टेंडनची, गोष्ट जरा मजेशीर आहे. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन स्वतः पळणारे, आणि त्यांचीच ती शीर दुखत होती. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तेव्हा ‘शीर तुटलीच तर करावी लागेल ना’ म्हणून त्यांनी टाच खाली सोडण्याचा जोरदार व्यायाम सुरू केला. शीर तुटायची राहिली बाजूला, दुखणंच गेलं. पुढे १९९८ साली त्यांनी हा १२ आठवड्यांचा व्यायाम अभ्यासासह प्रसिद्ध केला आणि तो जगभर वापरला जाऊ लागला.

घरात दुखऱ्या पायावर आंबेहळदीचा लेप, तेल, बर्फ हे सगळं होतंच. बरं वाटत असेल तर जरूर करावं, पण त्याने हाडावरचा भार कमी होत नाही. बर्फाचा आग्रह तर खुद्द तो रुजवणाऱ्या अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये सोडला.

बुटांचंही असंच. तळपायाची कमान पाहून बूट निवडून दिल्याने इजा कमी होतात का, हे अमेरिकी सैन्यदलांत नव्या भरतीच्या जवानांवर तपासलं गेलं. फारसा फरक पडला नाही. तेव्हा दुकानात संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना जावं, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी आणि पायाला सोसेल तो बूट घ्यावा. महागडा बूट घाईला औषध नाही. रस्त्याच्या कडेचा उतारही लक्षात ठेवा: रोज एकाच बाजूने पळालं तर एक पाय सतत खालच्या अंगाला राहतो.

खरा उपाय अंतराच्या हिशेबात आहे. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये नवख्यांसाठी आखलेला ‘काउच टु फाइव्ह के’ हा क्रम अजून चालतो तो त्याच्या संथपणामुळे: पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदाच. वेग इतकाच की सोबत्याशी गप्पा मारता याव्यात. पावलं लांब टाकण्यापेक्षा जरा आखूड आणि भरभर टाकली, मिनिटाला १६० ची १७० केली, तर गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आणि दुखत असताना पळावं का? पळताना दहापैकी तीनच्या आत दुखत असेल, चाल लंगडी होत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते आदल्या दिवसाच्या पातळीवर येत असेल, तर तेवढंच अंतर ठेवून चालू ठेवता येतं. सकाळी जास्त दुखलं तर पुढच्या वेळी अंतर कमी. मोठी सुट्टी घ्यावी लागली, तर अर्धा तास झपझप चालून पाय शांत राहतो का ते आधी पाहावं आणि मग पुन्हा त्या ६० सेकंदांपासून सुरू करावं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर मात्र ते पळण्याचं दुखणं समजून चोळत बसू नये. रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.