गुंठ्याखालची गर्दी

एक ग्रॅम माती म्हणजे जेमतेम चिमूटभर. चांगल्या रानातल्या तेवढ्या मातीत १०० कोटींपर्यंत जिवाणू असतात. एकरभरातल्या जिवाणूंचं मिळून वजन टनाच्या घरात जातं, म्हणजे दोन गायींएवढं. गोठ्यातल्या गायी हंबरून वैरण मागतात, या मागत नाहीत एवढाच फरक.

सूत्रकृमींचा आकडा वाचतानाच दम लागतो. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगभरच्या मातीच्या वरच्या थरात ते ४४ वर १९ शून्यं इतके आहेत. माणशी सुमारे ५,७०० कोटी! एकूण वजन ३० कोटी टन, म्हणजे साऱ्या मानवजातीच्या वजनाच्या ८० टक्के. डाळिंबवाल्याला सूत्रकृमी म्हटलं की मुळांवरच्या गाठीच आठवतात. पण यांतले कितीतरी जिवाणू आणि बुरशी खाऊन त्यांतलं नत्र पिकाला मोकळं करून देतात.

गांडुळांचा हिशेब डार्विनने १८८१ च्या पुस्तकात मांडला. हेन्सन या जर्मन संशोधकाची मोजणी त्याने आधाराला घेतली होती : बागेच्या जमिनीत एकरी ५३ हजारांवर गांडुळं. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी वर्षाला एकरी १० टनांहून जास्त माती त्यांच्या पोटातून जाते, असा त्याचा अंदाज. आपल्या मापात सांगायचं तर गुंठ्याला सव्वा तेराशे गांडुळं आणि अडीचशे किलो माती. डिझेलचा एक थेंबही न जाळता.

आपण मात्र ट्रॅक्टर घालतो. फाळाने गांडुळांची उभी बिळं मोडतात, बुरशीचे धागे तुटतात. ४० देशांतल्या २१५ प्रयोगांचा आढावा २०१७ साली घेतला गेला. नांगर न लावलेल्या रानांत गांडुळांची संख्या नांगरलेल्यापेक्षा सरासरी १३७ टक्क्यांनी जास्त, वजन जवळपास तिप्पट.

त्याहून वाईट खोड म्हणजे पाचट पेटवायची. ऊस गेला की एकरी तीन-चार टन पाचट मागे राहतं. काडी लावली की अगदी वरच्या थरातले जिवाणू मरतात, ते पुढे पुन्हा वाढतातही. पण वर्षभराची वैरण तासाभरात धूर होऊन जाते, ती कुठून आणणार? खोडव्याला पाणी देताना अडचण होते हे खरं. मग एका आड एक सरीत पाचट दाबा, पण जाळू नका.

पुढच्या पावसाळ्यात वाफसा आला की फूटभर लांब, रुंद आणि खोल माती काढून गोणपाटावर पसरा आणि गांडुळं मोजा. दहा निघाली तर रान चांगलं. एकही निघालं नाही, तर निदान यंदा काडेपेटी घरी ठेवा.