१६६५ च्या कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा आणि बुऱ्हाणपूर

शके १५८६, क्रोधी संवत्सर, पौष अमावास्या या दिवशी शिवाजी महाराजांनी क्षेत्र महाबळेश्वर येथे मातुश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली व त्याच वेळी वृद्ध सोनोपंत डबीर यांचीही तुला केली, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. निमित्त सूर्यग्रहणाचे होते. परंतु ते ग्रहण खग्रास होते, खंडग्रास होते की कंकणाकृती, ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी झाले, आणि महाबळेश्वरी जे दृश्य दिसले तेच तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात दिसले काय, हे ही हकीकत सांगत नाही. ज्यांनी ती लिहून ठेवली त्यांना त्याची जरूरही नव्हती. पर्वकाळ साधला, दान झाले, की त्यांचे काम झाले. उरलेले उत्तर गणिताकडून घ्यावे लागते.

या वाटेवर पहिलीच ठेच तारखेची लागते. इतिहासाच्या पुस्तकांत या तुलादानाची तारीख ६ जानेवारी १६६५ अशी असते. ग्रहणांची आधुनिक सूची उघडून त्या तारखेस ग्रहण शोधू जावे, तर ते मुळीच सापडत नाही, आणि उतावळा वाचक तुलादानाची गोष्टच खोटी ठरवून मोकळा होतो. वास्तविक आपल्या इतिहासकारांनी १७५२ पूर्वीच्या तारखा बहुधा जुन्या इंग्रजी पद्धतीने दिलेल्या आहेत, तर ग्रहणांच्या सूची १५८२ नंतर नवी पद्धत पाळतात. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. सूचीत १६ जानेवारी पाहिली की ग्रहण हजर असते, वारही शुक्रवारच येतो.

असला घोळ कसा टाळता येतो याचा एक उत्तम नमुना बुऱ्हाणपुरातच आहे. तेथील जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहा याने अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरविला. त्यात विक्रम संवत् १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी २३ घटिका व नंतर एकादशी, सोमवार, कृत्तिका नक्षत्र ३३ घटिका व नंतर रोहिणी, रात्र ११ घटिका गेली असता कन्या लग्न, असा तपशील आहे. इतकी अंगे दिल्यावर चुकण्यास जागाच राहत नाही. जुन्या पद्धतीची ५ जानेवारी १५९०, नव्या पद्धतीची १५ जानेवारी, सोमवार, हाच दिवस निघतो. मशिदीच्या भिंतीवर पंचांगाची पाचही अंगे कोरून घेणारा तो सुलतान आणि ते गणित करून देणारा अनामिक जोशी, दोघांचेही कौतुक वाटते.

आता ग्रहणाचे गणित. त्या अमावास्येला चंद्र केतूच्या सुमारे ७ अंश अलीकडे होता. पातबिंदूपासून हे अंतर सुमारे १५ अंशांच्या आत असले की सूर्यग्रहण ठरलेलेच. केतूच्या अलीकडे म्हणजे चंद्र अजून क्रांतिवृत्ताच्या उत्तरेस, म्हणून त्याची छाया पृथ्वीच्या मध्याच्या उत्तरेकडून जाणार. किती उत्तरेकडून? जर्मन ज्योतिर्विद बेसेल याने एकोणिसाव्या शतकात यासाठी एक सुटसुटीत युक्ती काढली. पृथ्वीच्या मध्यातून जाणारे आणि छायेच्या अक्षाला काटकोनात असणारे एक प्रतल कल्पावयाचे, आणि गोल पृथ्वीवर छाया कशी धावते हे पाहण्याऐवजी या सपाट पडद्यावर ती कशी सरकते ते पाहावयाचे. पडद्यावर तिचा मार्ग जवळजवळ सरळ रेषाच असतो. १६६५ च्या ग्रहणात ही रेषा पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या त्रिज्येच्या ०.६४ पट, म्हणजे सुमारे ४१०० किलोमीटर उत्तरेस येते.

येथून पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही करता यावा. ज्या कोनाची ज्या ०.६४ आहे तो कोन सुमारे ४० अंशांचा. जानेवारीच्या मध्यास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २१ अंशांवर असतो. त्या स्थानापासून ४० अंश उत्तरेकडे चालत आले की १९ उत्तर अक्षांश लागतो. ग्रहणमध्य ग्रीनिचच्या वेळेने सकाळी ७ वाजून ४ मिनिटांच्या सुमारास होता. त्या क्षणी मध्याह्न ७६ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास होती, आणि मार्गाच्या तिरपेपणामुळे छायेचा मध्य त्याच्या थोडा पश्चिमेस, ७३ अंशांजवळ पडतो. १९ उत्तर, ७३ पूर्व म्हणजे उत्तर कोकण! तेथून छाया ईशान्येकडे सरकत प्रवरेच्या खोऱ्यावरून पुढे गेली.

कंकण का दिसले याचे कारण ऋतूत आणि चंद्राच्या स्थानात आहे. पृथ्वी नुकतीच सूर्याच्या निकटतम बिंदूवरून गेली होती, म्हणून सूर्यबिंब मोठे. चंद्र आपल्या दूरतम बिंदूजवळ होता, म्हणून चंद्रबिंब लहान. त्याचा व्यास सूर्याच्या व्यासाच्या सुमारे ९२ टक्के भरला. बिंबाच्या क्षेत्राचा सहावा हिस्सा उघडा राहतो एवढा हा फरक मोठा आहे. तेव्हा भर दुपारी अंधार पडून तारे दिसले असतील, अशी कल्पना कोणी करू नये. ऊन फिके पडले असेल, झाडाखालच्या कवडशांच्या बांगड्या झाल्या असतील, इतकेच. मात्र ही शोभा मध्यरेषेवर दहा-अकरा मिनिटे टिकणारी होती. कंकणाकृती ग्रहणांत हा काळ दीर्घ समजतात. बिंबांतील फरक मोठा, आणि पृथ्वीच्या गोलाईवर छाया तिरपी पडलेली, यामुळे पट्ट्याची रुंदीही सुमारे ४०० किलोमीटर झाली.

या पट्ट्यात कोणते गाव बसते व कोणते नाही, हे पाहताना बुऱ्हाणपूर मोठे कसोटीचे ठिकाण ठरते. बेसेलच्या पडद्यावर मोजले तर कंकणछायेची त्रिज्या सुमारे १५९ किलोमीटर येते. महाबळेश्वर छायेच्या मध्यमार्गाच्या दक्षिणेस सुमारे १०० किलोमीटरवर, म्हणजे निःसंशय आत आहे. तेथे कंकणाचा मध्य आजच्या प्रमाणवेळेने दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास, म्हणजे ऐन मध्याह्नी येतो. बुऱ्हाणपूर मध्यमार्गाच्या उत्तरेस सुमारे १३५ किलोमीटरवर येते. म्हणजे तेही आत, पण काठाला चिकटून. तेथे पावणेएकच्या सुमारास कंकण जुळले असणार. परंतु महाबळेश्वरापेक्षा थोडा वेळ, आणि एका बाजूस जाड, दुसऱ्या बाजूस केसासारखे बारीक. सुरतेचा अक्षांश बुऱ्हाणपूरपेक्षा किंचित दक्षिणेचा असूनही सुरत मात्र पट्ट्याबाहेर राहते. कारण पट्टा ईशान्येकडे चढत जातो. नकाशावर आडवी रेघ ओढून ग्रहणाचा निकाल लावणारे येथेच फसतात.

काठावरच्या गावासाठी गणित किती बारीक हवे, हे जुनी साधने पाहिली की कळते. ओपोल्त्सर या ऑस्ट्रियन विद्वानाने १८८७ मध्ये ८००० सूर्यग्रहणांचा जंगी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील नकाशांत प्रत्येक मार्गाचे सूर्योदय, मध्याह्न व सूर्यास्त असे तीन बिंदूच गणिताने काढलेले आहेत आणि त्यांतून वर्तुळाचा एक कंस ओढलेला आहे. मधल्या प्रदेशात अशी रेघ शेकडो किलोमीटर चुकू शकते. १६६५ च्या बाबतीत मध्याह्नबिंदू महाराष्ट्रातच पडतो, हे आपले भाग्य. पुढे १८९६ मध्ये रॉबर्ट सेवेल आणि दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय कालगणनेवर जो इंग्रजी ग्रंथ रचला, त्यास व्हिएन्नाच्या श्राम याने भारतात दिसणाऱ्या सूर्यग्रहणांची कोष्टके जोडली. शिलालेखांतील ग्रहणे पडताळण्यास त्यांचा फार उपयोग झाला.

पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे काटेकोर नाही, हीही एक अडचण असते. वेळेत एका मिनिटाची चूक झाली तर पृथ्वी पाव अंश फिरते आणि बुऱ्हाणपूरच्या अक्षांशावर छाया सुमारे २६ किलोमीटर इकडची तिकडे होते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रहणांत हा हिशेब तासांवर जातो. १६६५ पुरता मात्र तो एका मिनिटाच्या आतच राहतो.

त्या काळी या प्रांतातील जोशी ग्रहण वर्तवीत ते गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून. कोकणातील नांदगावच्या या पंडिताने शके १४४२ मध्ये ज्या-चापांचा खटाटोप टाळून ग्रहगणित सोपे करून ठेवले होते. जोशांची रीत वेगळी होती. छाया पृथ्वीवर कोठून जाते हे ते विचारीत नसत. आपल्या गावातून चंद्र किती बाजूस सरकलेला दिसेल, हे लंबन आणि नति या दोन संस्कारांनी ते काढीत, आणि त्यावरून स्पर्श, मध्य व मोक्ष सांगत. बुऱ्हाणपूरच्या जोशाचे काम त्यातल्या त्यात सोपे होते. उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून ते गाव जेमतेम अर्धा अंश पूर्वेस असल्याने देशांतराचा संस्कार पाच पळांपेक्षाही कमी येई. त्याचे उत्तर त्याच्या गावापुरते असे. शेजारच्या परगण्यात काय दिसेल, यासाठी सारे गणित पुन्हा मांडावे लागे.

त्या दुपारी आणखी एक माणूस या पट्ट्याच्या दिशेने येत होता. शिवाजी महाराजांवर चालून निघालेला मिर्झाराजा जयसिंग जुन्या पद्धतीच्या ९ जानेवारीस नर्मदा उतरला. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी त्याची छावणी अजून नदीच्या उत्तरेस, कंकणाच्या काठाबाहेर होती. आकाश निरभ्र असले तर महाबळेश्वरी पूर्ण वलय दिसत असताना त्याच्या सैन्याला दिसली असेल ती दोन टोके जुळता जुळता राहिलेली कोर. त्याच महिन्यात तो बुऱ्हाणपुरास पोहोचला, ३ मार्चला पुण्यात शिरला, आणि जूनमध्ये पुरंदरचा तह झाला.