रंग मारायची घाई? आधी बॉडी तयार आहे का बघा!

बेसात एखाद्या भाड्याच्या शेडमध्ये तुमच्या टीमची गाडी उभी आहे. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागतात, चेसिस पक्की आहे. सुप्रा किंवा फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेची तारीख जवळ आलीय. राहिलाय फक्त रंग. फायबरची बॉडी साच्यातून निघालीय, कोपऱ्यात एक-दोन बारीक तडे दिसतायत, आणि टीममधलं कुणीतरी म्हणतंच, "पुट्टी लावू, रंग मारू, कोणाला दिसते बे!"

दिसतं, राजेहो. उन्हात तर हमखास दिसतं. वाकडी पुट्टी, पिनाएवढं छिद्र, दाबून टाकलेला तडा हे सगळं चकचकीत रंगामुळे आणखी उठून दिसतं. कुठल्याही जुन्या पेंटरला विचारा, रंगाचं काम थोडंसंच असतं. बाकी सगळी मेहनत त्याआधीची.

फायबरच का?

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. हलकं, न गंजणारं आणि मोठ्या प्रेस मशीनशिवाय हातानं बनवता येणारं. म्हणून कमी संख्येनं गाड्या बनवणाऱ्यांना ते परवडतं. अमेरिकेत १९५३ मध्ये पहिली कॉर्व्हेट आली तीच फायबरची, आणि त्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या. आपल्याकडे बंगळूरूची सिपानी डॉल्फिन फायबरची होती. अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टरही फायबरचीच. पत्र्याला पोचा येतो, तो ठोकून काढता येतो. फायबरला पोचा येत नाही, ते तडकतं. म्हणून त्याची दुरुस्तीही वेगळी.

आधी धुवा, मग घासा

इथेच बहुतेकांचं चुकतं. साच्यातून बॉडी सुटावी म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं. ते मेण बॉडीवरही येतं. न पुसता पॉलिश पेपर मारला, तर ते चरांमध्ये रुतून बसतं आणि पुढे रंग सोलून निघतो. म्हणून आधी साबण-पाण्यानं धुवा. सुकल्यावर मेण काढणारं सॉल्व्हंट घ्या आणि दोन कापडं वापरा. एका ओल्या कापडानं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपून घ्यायचं. कापड वारंवार बदला. नाहीतर मेण फक्त इकडचं तिकडे जाईल.

झालं का, हे कसं कळेल? पाणी शिंपडा. पाणी सपाट पसरलं तर बॉडी स्वच्छ. थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा. आणि डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे शेडमध्ये आणूच नका. त्याचा अंश राहिला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

तडा कुठपर्यंत गेलाय?

आता एक नाणं घ्या आणि बॉडीवर टकटक करत फिरा. आवाज खणखणीत आला तर ठीक. मध्येच भदभद आला, तर तिथे आतले थर सुटलेत. वरच्या जेलकोटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील, तर ते उकरून भरता येतात. पण तडा आरपार असेल, विशेषतः बोल्ट बसतो त्या जागी, तर नुसत्या पुट्टीवर भागणार नाही. धावत्या गाडीचा नोज किंवा पॅनल सुटला तर तुमच्यासोबत मागून येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

अशा जागी तड्याच्या दोन्ही बाजूंनी लांब उतार देत घासा. जाडीच्या साधारण १२ पट रुंद उतार हा जुना नियम आहे. ८० नंबरचा पेपर चालेल. मग मागून मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवा आणि रोलरनं हवा काढा. समोरून उरलेली खाच आधी फायबरवाल्या पुट्टीनं भरा आणि शेवटी साध्या पुट्टीचा पातळ हात द्या. साधी पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड झाली की पुढे तडकते. ती पाणीही पिते, म्हणून कोरडीच घासा.

नागपूरचं ऊन आणि तीन बाटल्या

दुकानात बऱ्याचदा रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात. हे नीट लक्षात ठेवा: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत. भडका किंवा स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच असतं, ते दुकानदाराला विचारून घ्या. हार्डनर १०० ग्रॅम रेझिनला साधारण एक ते दोन ग्रॅम. अंदाजानं ओतू नका, वजनकाटा वापरा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा मगमधलं रेझिन बघता बघता घट्ट होतं, तापतं, धूर सोडतं. म्हणून पहाटे काम करा आणि थोडं थोडंच कालवा. उन्हाचा फायदाही आहे. नवी बॉडी रंगाआधी काही दिवस उन्हात तापली की रेझिन पूर्ण पिकतं. कच्च्या बॉडीवर रंग मारला, तर नंतर मॅटची जाळी वर उमटते.

फुफ्फुसं आणि डोळे सांभाळा

घासताना काचेची धूळ उडते. तिच्यासाठी एन९५ मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. पण रेझिनची वाफ एन९५ अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजवाला मास्क आणि मोकळी हवा लागते. म्हणून हॉस्टेलच्या खोलीत हे काम नकोच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. गेलाच तर लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुत राहा आणि दवाखाना गाठा. हार्डनर घालून मारायचा टू-के रंग मात्र पेंट बूथवाल्याकडूनच मारून घ्या. त्यातले आयसोसायनेट दम्याचं कायमचं दुखणं मागे लावू शकतात. आणि उरलेलं रेझिन बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर फेकू किंवा जाळू नका.

शेवटची परीक्षा

प्रायमर मारल्यावर त्यावर काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा द्या आणि लाकडी ब्लॉकला पेपर गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर चर पडतात. काळं राहील तिथे खोलगट, आणि आधी निघून जाईल तिथे उंचवटा. मग डोळे मिटून पूर्ण तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारी लाट तळहाताला लागते.

या सगळ्याला आठवडा सहज लागतो, म्हणून टीमच्या वेळापत्रकात तो आत्ताच धरा. आणि ज्या दिवशी तळहाताला जोड सापडणार नाही, त्याच दिवशी रंगाचा डबा उघडा.